जाहिरातीच्या नव्या पेठेतील वाटचाल

(सुवर्णमहोत्सवी समारंभात डही येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निमंत्रणपत्रिकेत आमच्या व्याख्यानाचा विषय 'तंत्रज्ञान व ऑनलाईन जाहिरात या क्षेत्रातील अधिकाऱ्याची वाटचाल' असा छापला आहे. पत्रिका हाती पडताच एका ज्येष्ठ सभासदांनी आम्हांस गाठून विचारले, की डहीसारख्या गावात हा विषय कशासाठी? येथे कापूस, मका आणि मिरची यांच्या भावाची चिंता. धार-देवासच्या पवारांबरोबर माळव्यात आलेली आपली मराठी घरे आज कोठे शिक्षकी, कोठे दुकानदारी, कोठे सरकारी नोकरी करून आहेत. त्यांना अमेरिकेतल्या पेढ्यांशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे. परंतु त्यांच्याच सदऱ्याच्या खिशातील फोन त्या वेळी वाजला, आणि तो पाहताना त्यांनी बोटाने जी पहिली गोष्ट बाजूला सारली ती जाहिरात होती. हा विषय गावात येताना कोणाची परवानगी मागून आलेला नाही. तो आलेलाच आहे. तेव्हा त्याची ओळख करून घ्यावी, त्यात पोट कसे भरते हे पाहावे, आणि आपल्या मुलामुलींनी तिकडे जायचे ठरवले तर ट्रस्टने काय करावे याचाही विचार करावा, एवढाच आमचा हेतू आहे.

जाहिरातीचे मूळ तत्त्व आपल्या आठवडी बाजारात कोणीही पाहू शकतो. जेथे माणसे जमतात तेथे ओरडणाऱ्याला किंमत येते. भगोरियाच्या दिवसांत ढोल वाजू लागला की त्याच्या भोवती पान, गूळ, शेवचिवडा आणि पाळणे आपोआप गोळा होतात. ढोलवाला माणसे जमवतो आणि पाळणेवाला पैसे जमवतो. या दोघांमध्ये जो हिशेब व्हावा लागतो, त्या हिशेबाचे नाव जाहिरातीचा धंदा.

मराठी माणसाला हा हिशेब नवा नाही. मुंबईत गिरगावात 1905 साली बी. दत्ताराम आणि कंपनी निघाली. भारतीयांनी काढलेली पहिली जाहिरात संस्था म्हणून तिचे नाव घेतात. त्याहूनही बोलके उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली ती कारखान्याची वार्ता गिऱ्हाइकांपर्यंत जावी म्हणून. नांगर आणि चरक यांची माहिती देणारे ते पत्रक हळूहळू वाचनीय होत गेले, 1929 पासून ते 'किर्लोस्कर' या नावाने निघू लागले, पुढे त्याच्या जोडीला 'स्त्री' आणि 'मनोहर' आली, आणि महाराष्ट्राच्या दोन पिढ्यांनी ती मासिके घराघरांत वाचली. नांगर विकण्याच्या निमित्ताने निघालेले पत्रक नांगराहून मोठे झाले. चित्रकलेत रमणारे शंकरराव त्या वाटेने संपादक झाले हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण आज आम्ही ज्या वाटचालीची गोष्ट सांगणार आहोत तिचा स्वभाव असाच आहे. माणूस एका कामासाठी निघतो आणि दुसऱ्याच कामाला पोहोचतो.

आता नव्या पेठेकडे वळू. इंटरनेटवरील पहिली पट्टीवजा जाहिरात 27 ऑक्टोबर 1994 रोजी 'हॉटवायर्ड' या अमेरिकन संकेतस्थळावर लागली. ती एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची होती. पाहणाऱ्यांपैकी शंभरात चव्वेचाळीस जणांनी ती दाबून पाहिली असे सांगतात. नवलाई होती. आज तशा पट्टीवर शंभरात एकाने बोट ठेवले तरी जाहिरातदार पेढे वाटील. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते 15 ऑगस्ट 1995 रोजी, विदेश संचार निगममार्फत.

खरी क्रांती पट्टीची नव्हे, लिलावाची. 1998 साली अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या पेढीने असे ठरवले, की जाहिरात नुसती दिसली म्हणून पैसे घ्यायचे नाहीत, कोणी ती दाबली तरच घ्यायचे. आणि जो जास्त बोली लावील त्याची जाहिरात वर. 2000 सालच्या ऑक्टोबरात गूगलने सुमारे साडेतीनशे जाहिरातदार घेऊन आपले दुकान मांडले आणि दोनच वर्षांत त्या लिलावात एक मेख मारली. ती मेख समजली की हा सारा धंदा निम्मा समजला, म्हणून येथे जरा थांबू.

समजा, पुण्यातील एका गृहिणीने फोनवर 'सुती साडी' असे शब्द घालून शोध घेतला. त्या शब्दांवर दोन व्यापाऱ्यांनी बोली लावलेली आहे. पहिल्याची बोली दर दाबण्यामागे 12 रुपये, दुसऱ्याची 10 रुपये. आपल्या मंडीत 12 वाल्याचा माल उचलला जाईल. येथे तसे होत नाही. यंत्र पाहते, की पहिल्याची जाहिरात शंभरात दोघेच दाबतात, आणि दुसऱ्याची शंभरात पाच. बारा दुणे चोवीस; दहा पाचे पन्नास. म्हणून वरची जागा दुसऱ्याला. आणि त्याच्याकडून दहा रुपये घेतले जात नाहीत. पहिल्याच्या चोवीसला मागे टाकण्यापुरते, म्हणजे चोवीस भागिले पाच, 4 रुपये 80 पैसे आणि वर किंचित. प्रत्यक्षात यात इतरही गोष्टी मोजल्या जातात, पण सांगाडा हा असा. ज्याची जाहिरात लोकांच्या खरोखर उपयोगी पडते त्याला ती स्वस्त पडते, आणि निरुपयोगी ओरडणाऱ्याला महाग. आमच्या मते गेल्या तीस वर्षांत या धंद्यात जी एक शहाणपणाची गोष्ट झाली ती ही. बाकी पुष्कळ गोष्टी शहाणपणाच्या नाहीत. त्यांकडे पुढे येऊ.

हा धंदा चालवणारी माणसे कोठून आली? आपल्या देशातील एक वाट जाहिरातीकडून तंत्राकडे गेली. अजित बालकृष्णन यांनी 1973 साली मुंबईत सहकाऱ्यांसह 'रेडिफ्यूजन' ही जाहिरात संस्था काढली, आणि वीस-बावीस वर्षे त्या धंद्यात मुरल्यावर 1996 साली 'रेडिफ' हे संकेतस्थळ सुरू केले. जून 2000 मध्ये ती कंपनी अमेरिकेच्या नॅसडॅक बाजारात पोहोचली. जाहिरात लिहिणारा माणूस संगणकाच्या धंद्यात शिरला. दुसरी वाट उलटी, तंत्राकडून जाहिरातीकडे. तिचे उदाहरण आम्ही जरा विस्ताराने सांगतो, कारण त्यात आपल्या कामाचे पुष्कळ आहे.

श्रीमती कीर्तिगा रेड्डी यांचे नाव ऐकून त्या मराठी घरातल्या नव्हेत हे कोणीही ओळखील. परंतु त्यांची संगणकशास्त्रातील अभियांत्रिकीची पदवी मराठवाडा विद्यापीठाची आहे. हे आम्ही मुद्दाम सांगतो. आपल्याकडे एक समज घट्ट बसलेला आहे, की असल्या पदांवर जायचे तर दहावीपासून कोटा गाठावा, मग आय. आय. टी., मग परदेश. एक पायरी चुकली की जिना संपला. रेड्डी यांच्या जिन्याची पहिली पायरी तशी नव्हती. तेथून त्या अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेल्या आणि संगणक अभियांत्रिकीत एम. एस. झाल्या. मग सिलिकॉन ग्राफिक्स या नामांकित कंपनीत अभियंता म्हणून लागून तेथे अभियांत्रिकी विभागाच्या संचालक झाल्या.

येथे पुष्कळांची गोष्ट संपली असती, आणि सुखाने संपली असती. त्यांनी मात्र चांगली नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली आणि स्टॅनफर्ड विद्यापीठातून व्यवस्थापनाची पदवी घेतली. नंतर मोबाईल फोनवरील सॉफ्टवेअरच्या धंद्यात काही काळ, मग फिनिक्स टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या भारतातील कारभाराच्या प्रमुख. आणि जुलै 2010 मध्ये त्या फेसबुकच्या भारतातील पहिल्या कर्मचारी झाल्या. पहिल्या म्हणजे अक्षरशः पहिल्या. हैदराबादेत कार्यालय थाटण्यापासून काम. त्या वेळी या देशात फेसबुक वापरणारे एक कोटीच्या आत होते. त्यांनी पद सोडले तेव्हा ती संख्या तेरा कोटींच्या वर गेली होती.

आता ध्यानात घ्या, की तोपर्यंत त्यांनी जाहिरातीच्या धंद्यात काम केलेले नव्हते. यंत्राची माहिती होती, माणसे सांभाळण्याची माहिती होती, हिशेब येत होता. जाहिरात त्या तेथे शिकल्या. आणि शिकल्या त्या आपल्या लोकांच्या सवयी पाहून. मिस्ड कॉल ही गोष्ट अमेरिकेत कोणाला समजावून सांगावी लागते. डहीत तीन वर्षांच्या पोराला ठाऊक आहे. पैसे न खर्चता दुसऱ्याला निरोप पोचवण्याची ही युक्ती गरिबीने शोधून काढलेली. 2014 साली फेसबुकने भारतासाठी अशी जाहिरात काढली, की ती दाबली की मिस्ड कॉल जातो, आणि उलट फोन येऊन क्रिकेटचा धावफलक किंवा गाणे ऐकू येते व त्याबरोबर व्यापाऱ्याचे दोन शब्द. त्या काळी इंटरनेटचा दर परवडत नसे. जिओ यायला अजून दोन वर्षे होती. म्हणून ही युक्ती उपयोगी पडली. अशी गोष्ट कॅलिफोर्नियात बसून सुचत नाही. त्यासाठी कोणीतरी असा माणूस लागतो, ज्याने दुकानाबाहेर उभे राहून एक घंटा वाजवून फोन ठेवलेला आहे.

या वाटचालीत कठीण दिवसही आले. फेसबुकने 'फ्री बेसिक्स' नावाने निवडक संकेतस्थळे फुकट दाखवण्याची योजना आणली. त्यावर देशभर वाद झाला, आणि 8 फेब्रुवारी 2016 रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने अशा भेदभावाच्या दरांना मनाई केली. त्याच आठवड्यात रेड्डी अमेरिकेस परतणार असल्याचे जाहीर झाले. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही, परतण्याचे आधीपासून ठरले होते, असे कंपनीने सांगितले. 2018 च्या अखेरीस त्या सॉफ्टबँकेच्या मोठ्या गुंतवणूक निधीत पहिल्या महिला गुंतवणूक भागीदार झाल्या आणि 2022 साली सौरभ दोशी यांच्याबरोबर त्यांनी 'व्हर्च्युअलनेस' ही स्वतःची कंपनी काढली. अभियंता, विद्यार्थिनी, व्यवस्थापक, जाहिरातीच्या धंद्याच्या प्रमुख, सावकार, मालक. यांतल्या जवळजवळ प्रत्येक वळणावर पहिल्या दिवशी त्या नवशिक्या होत्या.

पुण्याच्या रुची संघवी यांचेही नाव घ्यावयास हवे. कार्नेगी मेलन विद्यापीठातून शिकून 2005 साली त्या फेसबुकच्या पहिल्या महिला अभियंता झाल्या, आणि सप्टेंबर 2006 मध्ये मित्रमंडळींच्या बातम्या एकाखाली एक दाखवणारी जी रांग सुरू झाली, ती उभी करणाऱ्यांत त्या प्रमुख होत्या. लोक खवळले, लाखोंनी विरोध केला, की आमच्या घडामोडी अशा चव्हाट्यावर का मांडता? विरोध पुढे निवळला, रांग राहिली, आणि कालांतराने जाहिरातींची मुख्य जागा तीच झाली. आज आपण अंगठ्याने जे वर सरकवत बसतो ते हेच. संघवी स्वतः जाहिरातीच्या अधिकारी नव्हत्या. पण पाळणेवाल्याला जागा मिळते ती ढोलवाल्याच्या भोवती, हे सुरुवातीस सांगितलेच.

ही झाली शिखरे. शिखरे सांगून सभा गाजते, परंतु आपल्या मुलांना पहिली नोकरी लागते ती पायथ्याशी. शिक्षण समितीच्या मुलाखतींत आम्ही बसतो. मागे एका मुलीचा अर्ज आला. ती पदवी घेऊन इंदूरच्या एका लहानशा जाहिरात पेढीत तीन वर्षे नोकरी करीत होती आणि आता संख्याशास्त्राचे पुढील शिक्षण घेऊ पाहत होती. बरोबर आई आली होती. मुलगी बोलायच्या आधी आईनेच हलक्या आवाजात विचारले, "जाहिरातीत काम म्हणजे काय हो साहेब? हिचे फोटो तर नाही ना लावत?" मंडळी हसली. त्या माउलीचा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. लग्नाच्या बोलणीत मुलगी काय करते हे सांगावे लागते, आणि जे आपणांस समजले नाही ते दुसऱ्यास कसे सांगावे? मुलीने तेथेच टेबलावरचा कागद ओढून हिशेब मांडला. तो हिशेब आम्ही जसाच्या तसा देत नाही, पण त्याच तऱ्हेचा एक मांडून दाखवतो.

आपल्या शेजारच्या बागची ठशांची छपाई प्रसिद्ध आहे. समजा, तेथील एका छिप्याला आपल्या साड्या दूरच्या गिऱ्हाइकांस विकायच्या आहेत. त्याने पेढीला सांगितले, जाहिरात करा. पहिल्या आठवड्यात ती सगळ्यांना दाखवली. दहा हजार वेळा दिसली, शंभर जणांनी दाबली, दर दाबण्यास आठ रुपये, म्हणजे आठशे रुपये खर्च. साड्या खपल्या तीन. साडीमागे नफा अडीचशे, म्हणजे साडेसातशे. पन्नास रुपये पदरचे गेले. दुसऱ्या आठवड्यात त्या मुलीने ती फक्त पुणे-नागपूरकडील अशा स्त्रियांना दाखवली, ज्यांनी आधी हातछपाईचे कापड शोधले होते. दाबण्याचा दर चढून दहा रुपये झाला. मालक घाबरला. पण साठच जणींनी दाबली, खर्च सहाशे, आणि साड्या खपल्या चार. हजार वजा सहाशे, चारशे रुपये हातात. दर वाढला आणि नफाही झाला. हे काम ती करते. फोटो साडीचा लावतात.

माउलीचे समाधान झाले. आमच्या मनात मात्र आणखी एक गोष्ट आली. जाहिरात पेढीची जुनी रीत अशी, की गिऱ्हाईक जेवढा खर्च करील त्यावर शेकडा काही दलाली. वर्तमानपत्रांच्या काळात ती पंधरा टक्के असे. तेव्हा गिऱ्हाइकाचे पैसे वाया गेले तरी दलाली चालूच. पहिल्याच आठवड्यात जो माणूस म्हणतो, 'शेठजी, थांबा, ही जाहिरात बंद करा, तुमचे नुकसान होते आहे,' तो आपल्या पेढीची दलाली कमी करीत असतो. आणि तरी या धंद्यात वर तोच चढतो, कारण शेठजी दुसऱ्या वर्षी त्याच्याचकडे येतात. चोख मुनीम आणि लबाड मुनीम यांतला फरक आपल्या घराण्यांना कोणी शिकवायला नको.

या पायथ्यावरून वर जाण्याच्या वाटा तीन-चार आहेत. कोणी आकडेमोडीत तरबेज होतो आणि विश्लेषक होतो. कोणाला बोलणे साधते, तो व्यापाऱ्यांची खाती सांभाळतो आणि विक्रीचा प्रमुख होतो. कोणाला यंत्राच्या पोटात काय आहे याचे कुतूहल असते, तो कार्यक्रम लिहिणाऱ्यांच्या बाजूला जाऊन नवी साधने तयार करवतो. कोणाला भाषा येते. भाषेला यात किती मोल आहे याची कल्पना आपणांस नाही. गूगलने संकेतस्थळांवर जाहिराती देण्याची आपली सेवा मराठीसाठी खुली केली ती 2018 साली. तोपर्यंत मराठीत लिहिणाऱ्या संकेतस्थळाला त्या मार्गाने एक पैसा मिळण्याची रीतसर सोय नव्हती. आपली मुले घरी मराठी, शाळेत हिंदी, बाजारात निमाडी आणि भिलाली बोलतात, आणि आपण ती गोष्ट सांगण्यासारखीही समजत नाही. नोकरीच्या अर्जात 'भाषा' या रकान्यात ती दोनच नावे लिहितात. चारही लिहावीत.

आता काळी बाजू. ती झाकून ठेवणे आम्हांस मान्य नाही. ढोलवाल्याला कोण नाचले हे दिसते. पण घरी जाऊन कोण काय जेवले हे त्याला ठाऊक नसते. या नव्या ढोलाला ते ठाऊक असते. आपण काय शोधले, कोठे थांबलो, कोणाशी बोललो, याची नोंद ठेवूनच तर 'हातछपाईचे कापड शोधणाऱ्या स्त्रिया' निवडता आल्या. जे ज्ञान छिप्याच्या साड्या विकते तेच ज्ञान कर्जबाजारी माणसाला आणखी कर्ज विकते. 2018 साली केंब्रिज अ‍ॅनालिटिका या पेढीने फेसबुकवरील कोट्यवधी लोकांची माहिती राजकीय प्रचारासाठी वापरल्याचे उघड झाले, आणि 2019 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फेसबुकला पाच अब्ज डॉलरचा दंड ठोठावला. आपल्याकडे संसदेने 2023 साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या हालचालींचा माग काढून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवण्यास मनाईची तरतूद आहे. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा तर 1954 पासूनचा आहे. तरीही मधुमेह मुळापासून बरा करणारी पूड फोनवर रोज दिसते. आपल्यापैकी कित्येकांनी ती मागवलीही असेल. हात वर करायला आम्ही सांगत नाही.

म्हणून काही सभासदांचे म्हणणे असे, की असल्या धंद्याच्या शिक्षणासाठी ट्रस्टचा पैसा देऊच नये. आम्हांस ते पटत नाही. वकिलीतही खोटे साक्षीदार उभे करणारे असतात, आणि औषधाच्या दुकानातही मुदत संपलेल्या गोळ्या विकल्या जातात. म्हणून आपण मुलांना वकील आणि औषधविक्रेते होऊ दिले नाही असे झालेले नाही. लबाडीची पूड दाखवणाऱ्या यंत्रासमोर कोणीतरी बसलेले असते. ते कोणीतरी आपल्या घरातले असेल तर निदान एक फोन लावून रागावता येईल.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. जाहिरातीचा मजकूर लिहिणे, बोली लावणे, कोणाला दाखवावी हे ठरवणे, ही पायथ्याची कामे आता यंत्रच करू लागले आहे. गूगल आणि फेसबुक या दोघांनीही गेल्या काही वर्षांत अशी साधने आणली आहेत, की व्यापाऱ्याने पैसे आणि चित्र द्यावे, बाकीचे यंत्र पाहील. मग आपल्या मुलांना कोण विचारणार? आमचे मत असे, की नुसती कळ दाबायला शिकलेल्याला खरोखरच कोणी विचारणार नाही. तीन महिन्यांचा वर्ग करून प्रमाणपत्र भिंतीवर लावणाऱ्यांनी हे नीट ऐकावे. इंदुरात अशा वर्गांच्या पाट्या चहाच्या टपऱ्यांहून अधिक झाल्या आहेत, आणि त्यांची फी चहाएवढी नाही. परंतु यंत्राने दिलेला हिशेब खरा की खोटा हे ज्याला पारखता येते, तीन साड्यांवरून निष्कर्ष काढू नये हे ज्याला संख्याशास्त्राने शिकवले आहे, आणि छिप्याशी त्याच्या भाषेत बोलून त्याच्या मालाचे मर्म ज्याला समजते, त्याची जागा अजून रिकामी आहे. त्या मुलीला तीन वर्षे नोकरी केल्यावर संख्याशास्त्र शिकावेसे वाटले ते याचसाठी.

आणि येथे आम्ही विश्वस्तांपुढे एक मागणी ठेवतो. आपल्या कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या अर्जात नववा रकाना आहे: 'शिक्षणात खंड पडला असल्यास कारण.' तो रकाना घातला तेव्हा त्यामागे चांगला हेतू होता. पैसे थोडे, अर्ज पुष्कळ. जो सलग शिकतो आहे त्याला आधी द्यावे. त्या काळी खंड पडे तो नापास झाल्याने किंवा घरच्या अडचणीने. आता खंड पडतो तो नोकरी केल्याने. आज आम्ही ज्यांची वाटचाल सांगितली त्यांनी चांगली नोकरी सोडून पुन्हा शाळेची पायरी चढली होती. आपल्या अर्जावर त्यांना नवव्या रकान्यात काही लिहावे लागले असते, आणि त्यांचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी गेला असता. मुलींच्या बाबतीत तर हे अधिकच लागू आहे. लग्न, बाळंतपण, सासरची बदली यांमुळे चार-पाच वर्षे जातात, आणि मग शिकण्याची इच्छा झाली तर आपला कागद त्यांना आधी कारण विचारतो.

आमची सूचना अशी. नववा रकाना काढून त्या जागी 'मधल्या काळात काय काम केले व त्यातून काय शिकलात' असा रकाना घालावा. वयाची पंचवीस वर्षांची अट आहे ती पस्तीस करावी. कमावत्या अर्जदाराकडून परतफेडीची मुदत थोडी कमी ठेवावी, म्हणजे निधीवर ताण येणार नाही. त्याचा हिशेब खजिनदारांनी करून दिला आहे आणि तो आजच्या सभेच्या कागदपत्रांसोबत जोडलेला आहे. दरसाल किमान एक शिष्यवृत्ती संख्याशास्त्रासाठी राखावी. हा विषय वार्षिक सभेपुढे पाचव्या क्रमांकावर आहे. जेवणाची पंगत त्यानंतर आहे, तेव्हा मतदानापूर्वी कोणी उठून जाऊ नये ही विनंती.

ज्या मुलामुलींना या क्षेत्राविषयी आणखी विचारायचे असेल त्यांनी दुपारी वाचनालयाच्या खोलीत यावे. इंदूरहून आलेली आपलीच दोन मुले तेथे संगणक घेऊन बसणार आहेत. पालकांनीही यावे. प्रश्न कसलाही चालेल, फोटोचासुद्धा.